सहा, दोन, पाच, एक, चार

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज सकाळपासून एका मालिकेच्या बॅकग्राउंडसाठी बसलो होतो. अकौस्टिकवर तेच चार कॉर्ड, कधी हळू, कधी जोरात, मग दोन सीनसाठी पुन्हा तेच पण वरच्या पट्टीत. मध्ये चहा प्यायला बाहेर आलो तर तिथे उभा असलेला एकजण सहज म्हणाला, छान वाजवतोस रे तू, पण स्वतःचं असं कधी वाजवणार? वाईट हेतू नव्हता त्याचा, मला माहितीये, पण लागलं ते. अंधेरीहून निघालो, दादरला गाडी बदलली, डोंबिवली येईपर्यंत तेच एक वाक्य डोक्यात फिरत होतं.

घरी येऊन जेवलो आणि हेडफोन लावून हँक गारलंड या अमेरिकन गिटारवाल्याचा जॅझ विंड्स हा रेकॉर्ड ऐकायला बसलो. असं काही झालं की मी तिकडेच जातो.

हा रेकॉर्ड मला पहिल्यांदा आमच्या स्टुडिओतल्या एका गोवेकर अंकलनी दिला होता, ट्रम्पेट वाजवायचे ते. मी नवीन होतो, लाल होऊन बसलो होतो कारण एक फिल, म्हणजे ओळींच्या मधे भरायचा छोटा तुकडा, तीनदा चुकला होता, तेव्हा ते जवळ येऊन म्हणाले, बाबा, हे घरी जाऊन ऐक, हा पण आपल्यासारखा सेशनवाला, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगवर वाजवणारा. त्यांनी ज्यांच्याबरोबर उमेदवारी केली त्या पिढीचं आयुष्यच तसं होतं, दिवसा सिनेमाची गाणी आणि रात्री हॉटेलात जॅझ. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे काम करायचे आणि ताजमध्ये स्वतःचा बँडही चालवायचे. अंकलना म्हणूनच गारलंड इतका जवळचा वाटत असणार असं मला आता वाटतं, तेव्हा काही कळलं नव्हतं.

तर हा हँक गारलंड. १९३० चा जन्म, साउथ कॅरोलिनातलं काउपेन्स नावाचं छोटं गाव, सोळाव्या वर्षापासून नॅशविलमध्ये, म्हणजे कंट्री या अमेरिकन गावाकडच्या संगीताच्या राजधानीत. विशीत पोचायच्या आधी शुगरफूट रॅग ही त्याची धून गाजली आणि पुढे दहाएक वर्षं नॅशविलमध्ये रेकॉर्डिंग म्हटलं की याला बोलवायचंच असा प्रकार. ख्रिसमसला आपल्याकडच्या मॉलमध्ये सुद्धा जे जिंगल बेल रॉक लागतं ना, १९५७ चं, बॉबी हेल्म्सचं, त्यातली गिटार याची. रॉय ऑर्बिसनच्या ओन्ली द लोनलीत हा आहे, पॅट्सी क्लाइनच्या आय फॉल टू पीसेसमध्ये हा आहे, एल्व्हिसच्या लिटल सिस्टरमधली ती खणखणीत सुरुवात याची आणि तीही हॅरल्ड ब्रॅडलीकडून उसनी घेतलेल्या फेंडर गिटारवर. म्हणजे जगातल्या कितीतरी लोकांनी या माणसाचा हात ऐकलाय आणि नाव ऐकलेलं नाही.

आणि हाच माणूस रात्री नॅशविलच्या प्रिंटर्स अ‍ॅलीत कॅरोसेल क्लबमध्ये जाऊन जॅझ वाजवायचा. गिटारवर चेट अ‍ॅटकिन्स, पियानोवर फ्लॉइड क्रेमर, सॅक्सवर बूट्स रँडॉल्फ, म्हणजे दिवसा जे सगळे एकत्र कंट्री रेकॉर्ड करत होते तेच रात्री तिथे. दिवसभर वाजवून हात दुखत असतील, बोटांना घट्टे पडलेले असतील, तरी रात्री परत तेच वाद्य उचलायचं. ही ओढ मला समजते. सेशन न करणाऱ्याला ती समजावून सांगणं अवघड आहे.

१९६० च्या जुलैत या मंडळींना न्यूपोर्टच्या जॅझ फेस्टिव्हलमध्ये वाजवायचं आमंत्रण होतं. नॅशविलचे लोक न्यूपोर्टला, म्हणजे केवढी मोठी गोष्ट होती ती! आणि हे तिथे गेले तर शनिवारी रात्री तिकीट न मिळालेल्या पोरांनी बाहेर दंगल केली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि उरलेला फेस्टिव्हल रद्द झाला. मग यांनी काय केलं, तर रेकॉर्ड कंपनीने जे मोठं घर भाड्याने घेतलं होतं त्याच्या मागच्या ओट्यावर वाद्यं लावली आणि तिथेच वाजवून रेकॉर्ड केलं. आफ्टर द रायट अ‍ॅट न्यूपोर्ट या नावाने ते निघालं. त्या सगळ्यांत व्हायब्रफोनवर, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठ्या मारून वाजवायच्या वाद्यावर, एक सतरा वर्षांचा पोरगा होता, इंडियानाचा, गॅरी बर्टन. शाळा नुकती संपलेली, रँडॉल्फमुळे गारलंडची ओळख झाली आणि त्या उन्हाळ्यात तो नॅशविलला येऊन राहिला होता.

त्याच उन्हाळ्यात गारलंडने कोलंबिया कंपनीसाठी तो रेकॉर्ड केला, जॅझ विंड्स फ्रॉम अ न्यू डायरेक्शन. चौघंच जण. गिटार, बर्टनचं व्हायब्रफोन, बासवर जो बेंजामिन आणि ड्रम्सवर पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकच्या बँडमधला जो मोरेलो. हा मोरेलो म्हणजे ब्रुबेकच्या त्या गाजलेल्या टेक फाइव्हवाला. आणि तो आपल्या मुंबईत येऊन गेलेला आहे, १९५८ साली ब्रुबेकबरोबर, त्याच मुक्कामात ब्रुबेक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ साहेबांच्या सतारीबरोबर वाजवायला बसले होते. त्या दौऱ्यानंतर कॅलकटा ब्लूज म्हणून त्यांनी जे केलं त्यात मोरेलो काठ्या बाजूला ठेवून बोटांनी वाजवतो. मला हे नेहमी आठवतं कारण गारलंडच्या रेकॉर्डवर थ्री-फोर, द ब्लूज आहे, तीनच्या तालातला ब्लूज, आणि तिथे मोरेलो ज्या पद्धतीने तीन मोजतो त्यात कुठेही ठेका आपटत नाही, नुसता झोका देत राहतो.

एकूण सहा ट्रॅक. एकाचं नाव रायट-चस, रायट म्हणजे दंगल, वाचलं की न्यूपोर्टची ती रात्र आठवतेच.

आज मी ऑल द थिंग्ज यू आर वर अडकलो, दीड तास तिथून हललोच नाही. हे जेरोम कर्नचं गाणं, जॅझ शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत येतंच, आणि त्रास काय आहे तर त्यात षड्ज एका जागी बसत नाही. छत्तीस बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या छत्तीस गटांत, पाच सा होतात. ए फ्लॅट, मग सी, मग ई फ्लॅट, मग जी, मग ई, आणि परत घरी. कान तयार नसेल तर माणूस तिसऱ्या वळणावर हरवतो.

आता नॅशविलच्या सेशनवाल्यांची एक पद्धत आहे, नंबर सिस्टीम. जॉर्डनेअर्स या गायकांच्या चौकडीतल्या नील मॅथ्यूजने पन्नासच्या दशकाच्या शेवटी ती काढली. कॉर्डचं नाव लिहायचंच नाही, आकडा लिहायचा. सा चा कॉर्ड एक, म चा चार, प चा पाच. गायिका आली आणि म्हणाली आज घसा बसलाय, एक सूर खाली घ्या, तर कागद बदलावा लागत नाही, आकडे तेच राहतात, फक्त एक कुठे आहे ते बदललं. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको, आपण लहानपणापासून सरगम अशीच म्हणतो, सा कुठेही धरा. तीन तासांचं सेशन आणि त्यात चार गाणी उरकायची, तिथे असंच काहीतरी लागतं.

तर मी आज कागद घेऊन ऑल द थिंग्ज यू आर आकड्यांत लिहून काढलं. पहिली ओळ, सहा, दोन, पाच, एक, चार. मग एका उडीत सी मध्ये. आणि दुसरी ओळ? परत सहा, दोन, पाच, एक, चार! तीच, तंतोतंत, फक्त सा वेगळा. इतकी वर्षं हे गाणं वाजवतोय, कॉर्डची नावं पाठ आहेत, पण असं कधी दिसलं नव्हतं. गारलंड तेव्हा मनात काय मोजत होता ते मी सांगू शकत नाही, पण ज्या माणसाचं रोजचं काम कुठल्याही गायकाच्या कुठल्याही पट्टीत दोन मिनिटांत गाणं पकडायचं हे आहे त्याच्यासाठी सा सरकणं ही भीतीची गोष्ट नसणार, ती त्याची रोजची भाकरी. आणि ते ऐकू येतं. प्रत्येक वळणावर तो आधीच तिथे पोचलेला असतो, वळण आल्यावर दचकत नाही.

मला लोकांचं हे म्हणणंच पटत नाही की दिवसा तो पोटासाठी वाजवायचा आणि खरा गारलंड या रेकॉर्डवर आहे. नाही. आय फॉल टू पीसेस नीट ऐका, गायिकेच्या दोन ओळींमधल्या जागेत तो काय टाकतो आणि मुख्य म्हणजे किती थोडं टाकतो, आणि ती परत गायला लागायच्या आत कसा बाजूला होतो. मग या रेकॉर्डवरच्या ऑलवेजमध्ये बर्टनच्या मागे तो कॉर्ड कसे देतो ते ऐका. तोच माणूस आहे. समोर बाई गातेय का सतरा वर्षांचा पोरगा व्हायब्रफोन वाजवतोय याने त्याला फरक पडत नाही, दोघांनाही तो तेवढीच जागा देतो. त्याच रेकॉर्डवरच्या मूव्हमध्ये तर वेग असा आहे की मी फोनवर अर्ध्या स्पीडला लावून ऐकतो. ही डेन्झिल बेस्टची धून, १९५० मध्ये रेड नॉर्वो, टॅल फारलो आणि मिंगस या तिघांनी केली होती, तिथेही व्हायब्रफोन आणि गिटार. म्हणजे गारलंडने मुद्दाम अशी जागा निवडली जिथे लोक तुलना करणारच. आणि अर्ध्या स्पीडला सुद्धा एक स्वर चिकटलेला किंवा गिळलेला सापडत नाही, प्रत्येक स्वराला पिकचा स्वतंत्र आघात आहे, शुगरफूट रॅगमध्ये आहे तसाच. तो हात कंट्रीतच घडलाय.

त्याचे कोलंबियाचे बाकीचे रेकॉर्ड, व्हेल्व्हेट गिटार वगैरे, मला इतके भिडत नाहीत. गोड आहेत. पण हा एक रेकॉर्ड असा झाला की पुढे जॉर्ज बेन्सनसारख्या गिटारवाल्याने आपल्यावरच्या प्रभावांत त्याचं नाव घेतलं, आणि गॅरी बर्टन तर व्हायब्रफोनचा केवढा मोठा माणूस झाला, चार काठ्यांनी वाजवायची त्याची पद्धत आज जगभर शिकवतात. १९६६ मध्ये तो परत नॅशविलला आला आणि तिथल्या कंट्री वादकांना घेऊन टेनेसी फायरबर्ड केलं. कुठून आलो ते विसरला नाही.

गारलंडचं मात्र १९६१ च्या सप्टेंबरमध्ये संपलं. गाडीचा अपघात, कोमा, मेंदूला मार. तीस वर्षांचा होता. चालायला, बोलायला परत शिकावं लागलं, आणि स्टुडिओतलं ते काम पुन्हा कधीच जमलं नाही. त्यानंतर तो ४३ वर्षं जगला, २००४ च्या डिसेंबरमध्ये फ्लोरिडात गेला. तो आकडा मी आज पुन्हा मोजला. त्रेचाळीस.

हे वाचलं की लोक रेकॉर्ड दुःखाने ऐकायला लागतात, मीही ऐकायचो. आता नाही ऐकत तसं. कारण त्या दिवशी त्या चौघांपैकी कोणालाच हे माहीत नव्हतं, मोरेलो खुशीत आहे, बर्टनला तर आयुष्यातली मोठी संधी मिळालीय, आणि गारलंड २९ वर्षांचा, हाताशी सगळं आलेलं. त्या वाजवण्यात काळजी कुठेच नाही. आपण ती बाहेरून नेऊन तिथे ठेवू नये असं मला फार वाटतं. त्याने जॅझसाठी मोकळ्या वेळाची वाट बघितली नाही, सेशन सोडलंही नाही. दोन्ही केलं, त्याच आठवड्यात, त्याच हाताने.

आता साडेबारा वाजून गेले. अजून एक गोष्ट केली आज. गिब्सनने १९५५ मध्ये बर्डलँड नावाची गिटार काढली ती बिली बर्ड आणि गारलंड या दोघांच्या सांगण्यावरून, नावातच दोघं आहेत. गिब्सनच्याच जुन्या एल-फाइव्हसारखी, पण अंगाने पातळ आणि स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेतेवीस इंच. साडेपंचवीसच्या गिटारवर जे कॉर्ड बोटं ताणून लागतात ते तिथे सहज यावेत म्हणून. माझी गिटार पावणेपंचवीस इंची. हिशोब केला, पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला तर उरते साधारण तेवीस पूर्णांक चार दशांश, म्हणजे बर्डलँडच्या अगदी जवळ. मग सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवल्या म्हणजे पट्टी बिघडणार नाही, कॅपो लावला, दार लोटून घेतलं कारण आई झोपलीय, अँप नाही, नुसतीच.

पहिली ओळ, सहा, दोन, पाच, एक, चार, वरच्या तारेवर धून ठेवून. चारच्या त्या कॉर्डला माझी करंगळी नेहमी कमी पडते, मी तिथे एक स्वर सोडून देतो, कायमच सोडत आलोय.

आज पोचली.