गुडघा गेला तो कोणत्या शनिवारी?

मंगळवार, रात्री

आयझेनहॉवर (आइक, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष) याच्या जुन्या पत्रांच्या तारखा लावताना फुटबॉल आला की पेन्सिल हातात घ्यायची आणि आधी सामन्याची तारीख ठरवायची. फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, अमेरिकन. ‘जिम थॉर्पला अडवताना आइकचा गुडघा गेला’ हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलंय की पत्र वाचणाराही नकळत तेच वाचतो.

दोन शनिवार वेगळे करावे लागतात. ९ नोव्हेंबर १९१२, वेस्ट पॉइंट : कार्लाइल २७, आर्मी ६. आर्मी म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा संघ, आइक तिथला विद्यार्थी; कार्लाइल म्हणजे थॉर्पच्या शाळेचा संघ. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकून आलेला थॉर्प समोर. आइक आणि त्याचा एक जोडीदार थॉर्पला दोन्हीकडून चेपायला धावले, तो निसटला, हे दोघे एकमेकांवर आदळून मैदानाबाहेर गेले. पण पुढच्या शनिवारी, १६ तारखेला, टफ्ट्स कॉलेजविरुद्ध आइक खेळतोय. खेळतोय म्हणजे पाय जागेवर होता. चेंडू घेऊन घुसताना पाय पकडला गेला, गुडघा पिळवटला, तो या सामन्यात. आणि खरा घात त्यानंतर काही दिवसांनी, घोडेस्वारीच्या कसरतीत : उडी मारून उतरताना तोच गुडघा पुरता निकामी झाला.

साठीसत्तरीतल्या आठवणीत हे तिन्ही प्रसंग एकात एक मिसळतात, आणि त्यातलं थॉर्पचं नाव तेवढं वर तरंगत राहतं. टफ्ट्स कोणाला आठवतंय!

गुणांवरूनही ताळा करता येतो. टचडाउनचे (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार नेण्याचे) ५ गुण १९१२ पासून ६ झाले, मैदान ११० यार्डांवरून १०० वर आलं, तीनऐवजी चार डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या संधी, मिळू लागले. म्हणून १९१२च्या सामन्याच्या आठवणीत ‘पाच गुणांचा टचडाउन’ दिसला तर चूक आहे, किंवा सामना आधीचा आहे.

पत्राची तारीख फाटलेली असेल तर मायन्यावर विसंबू नये. ‘जनरल’ हा मायना १९४८ला कोलंबिया विद्यापीठाचा अध्यक्ष असतानाही येतो आणि १९६१नंतर गेटिसबर्गच्या शेतावर राहतानाही. मधल्या काळात तो राष्ट्राध्यक्ष होता. निवडणुकीसाठी जुलै १९५२मध्ये सोडलेला पंचतारांकित (पाच ताऱ्यांच्या जनरलचा) हुद्दा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मार्च १९६१मध्ये परत दिला, त्याला स्वतःलाही ‘जनरल’च आवडायचं. (‘निवृत्त जनरल’ हे तसं चूकच, पंचतारांकित अधिकारी कायद्याने आयुष्यभर सेवेतच राहतो.) शिवाय ज्याला मनमोकळं लिहायचा तो अ‍ॅबिलीनचा, आइकच्या गावचा, मित्र स्वीड हॅझलेट १९५८मध्ये वारला, तेव्हा त्याच्या नावचं पत्र गेटिसबर्गच्या दिवसांत टाकता येत नाही. डाव्या कोपऱ्यात खाली आद्याक्षरं असतील तर सांगणारा एक, टंकणारा दुसरा. सही नसलेला पातळ, कुरकुरीत कागद म्हणजे कार्बनप्रत. हात धुऊन, कोरडे करून धरायचा, हातमोजे नकोत, त्याने कडा फाटतात. गंजलेली पिन ओढायची नाही, दोन्ही टोकं सरळ करून सोडवायची.

गुडघ्याचा हिशेब मात्र १९१५मध्ये आला. १६४ जणांच्या तुकडीत ६१वा नंबर लागला, तरी वेस्ट पॉइंटचा डॉक्टर कमिशनची, म्हणजे लष्करी अधिकारीपदाची, शिफारस करायला कां कूं करत होता. घोडदळ मागणार नसशील तर शिफारस करतो, असं ठरलं. आइकने पायदळ मागितलं आणि सॅन अँटोनियोच्या फोर्ट सॅम ह्यूस्टनला, १९व्या इन्फंट्रीत रुजू झाला. तिथे पीकॉक मिलिटरी अकॅडमीने संघ शिकवायला बोलावलं, हंगामाचे १५० डॉलर. सेकंड लेफ्टनंटचा महिन्याचा पगार १४१ डॉलर ६७ सेंट, तरी त्याने नाही म्हटलं. मग तिथला वरिष्ठ, जनरल फन्स्टन, याने स्वतः विचारलं, आणि जनरलने विचारल्यावर लेफ्टनंट काय बोलणार.