कॉक्लियाचं थ्रीडी मॉडेल: मोजमाप मात्र करड्या स्लाइसवरच

कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातला शंखासारखा, ऐकण्याचा भाग. सीटी स्कॅनवरून त्याचं मॉडेल करायचं तर आधी डेटा. पेशंट मोठ्या पाकिटातून आणतो ती काळी फिल्म आणि व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, दोन्ही मॉडेलसाठी कुचकामी. सेंटरकडून डायकॉमची (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलींची) सीडी मागायची आणि नेमकं सांगायचं: टेम्पोरल बोनची (कानाभोवतीच्या हाडाची) पातळ सीरिज, स्लाइस ०.६ मिमी किंवा त्याहून कमी, दोन्ही कान वेगवेगळे रिकन्स्ट्रक्ट केलेले. एका कानाला ८० मिमीचं फील्ड (चित्रात येणारा भाग) घेतलं की ५१२ च्या मॅट्रिक्समध्ये पिक्सेल साधारण ०.१६ मिमीचा पडतो. अख्ख्या डोक्याचं २५० मिमी घेतलं तर तोच अर्ध्या मिमीचा. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेची पोकळीच जेमतेम १ मिमीची. दोन पिक्सेलांत काय दिसणार?

थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये खरी कटकट थ्रेशोल्डची, म्हणजे किती घनतेपर्यंतचा भाग मॉडेलमध्ये धरायचा त्या आकड्याची. आतला द्रव पाण्याच्या आसपास, भोवतीचं हाड शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडांपैकी. मधला आकडा जरा वर सरकवला की कॉक्लिया फुगते, खाली आणला की नलिका तुटक होतात. शिवाय निवडलेल्या भागाचा रंग गळतो. कॉक्लियाच्या तळाशी जिथून नस आत शिरते, तिथून तो थेट इंटरनल ऑडिटरी कॅनॉलमध्ये (नसेच्या हाडातल्या बोगद्यात) पसरतो, कारण तिथेही द्रवच. मधल्या कानात हवा असेल तर ओव्हल आणि राउंड विंडो या आतल्या कानाच्या खिडक्यांपाशी तो आपोआप थांबतो. पावसाळ्यात सर्दीने कान भरलेल्या पोरांच्या स्कॅनमध्ये मात्र ओव्हल विंडोतून बाहेर पडतो. तिथे हाताने कापण्याला पर्याय नाही. मीडियन स्मूदिंगचा (मॉडेल गुळगुळीत करण्याचा) कर्नल, म्हणजे एकावेळी विचारात घेतलेला भाग, ३ मिमी ठेवलात तर नलिका चक्क पुसल्या जातात.

कॉक्लिअर इम्प्लांटसाठीची 'ए' व्हॅल्यू, म्हणजे कॉक्लियाच्या तळाची रुंदी, म्हणूनच मॉडेलवर घेऊ नये, करड्या स्लाइसवर घ्यावी. बेसल टर्न (कॉक्लियाचा पहिला वेढा) पूर्ण दिसेल असं प्लेन (कापाची पातळी) फिरवायचं, राउंड विंडोपासून मोडिओलसमधून (मधल्या खांबातून) समोरच्या भिंतीपर्यंत रेघ. साधारण ९ मिमी येते. प्लेन तिरपं राहिलं तर ती चुकते, आणि अर्ध्या मिमीची चूक कॉक्लियाच्या लांबीच्या हिशेबात सुमारे २ मिमी होते. कॉक्लिया जन्मतःच पूर्ण आकाराची असते, त्यामुळे वर्षाच्या बाळासाठी वेगळा तक्ता लागत नाही.

वरच्या नलिकेच्या छताला भोक दिसलं तर लगेच रिपोर्ट लिहू नका. पातळ हाड पार्शल व्हॉल्यूममुळे (एकाच पिक्सेलमध्ये हाड आणि शेजारचा भाग मिसळल्यामुळे) नाहीसं दिसतं. पोशल प्लेनमध्ये (त्या नलिकेला समांतर) फिरवून पाहा. मॉडेलमध्ये तर असं खोटं भोक हमखास पडतं.

मेनिंजायटिसनंतरच्या (मेंदूच्या आवरणाच्या दाहानंतरच्या) कानाला एकट्या सीटीवर विसंबू नये. हाड भरायच्या आधी आत तंतू साचतात आणि सीटीत सगळं ठीकच दिसतं. थ्रीडी टी-टू (द्रव पांढरा दाखवणाऱ्या) एमआरआयमध्ये तेवढ्या जागचा पांढरा द्रव नाहीसा झालेला दिसतो. कॉक्लियाची नस आहे की नाही हेही तिथेच कळतं.

शिकवायला प्रिंट हवी असेल तर दहापट मोठी, रेझिनमध्ये. कॉक्लियाचा तळ ९ सेंमीचा होतो, तळहातावर मावतो. पुण्याजवळच्या भोसरीत प्रिंटिंगला एसटीएल (मॉडेलची फाइल) द्यायला गेलात तर सपोर्ट (प्रिंटला आधार देणाऱ्या काड्या) कुठे येणार ते आधी पाहून घ्या. नलिकेच्या कमानीच्या आतून ते आले की उपटताना पहिली तीच मोडते.