परत करावं लागेल म्हणे

"बऱ्याच जणांना सहा-आठ महिन्यांत परत करावं लागतं," हातमोजे काढता काढता डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. सकाळपासून तेवढंच डोक्यात घोळतंय. डायलिसिससाठी हातातली एक शीर धमनीला जोडलेली आहे, तोच माझा फिस्टुला. ती शीर अरुंद झाली होती, आज आत फुगा फुगवून रुंद केली. काम छान झालं, असं सगळे म्हणतात. झालंच आहे. तरी परत म्हणजे परत.

लक्षणं बरेच दिवस होती. डायलिसिस मशीनचं व्हीनस प्रेशर, म्हणजे रक्त शिरेत परत जातानाचा दाब, दोनशेच्या वर जायचा, अलार्म वाजायचा, सिस्टर पंप कमी करायच्या. सुया काढल्यावर कितीही दाबून धरलं तरी रक्त थांबायचं नाव घेत नव्हतं. फिस्टुलावर बोट ठेवलं की जी झिणझिण लागायची, तिच्या जागी नुसते टणटण ठोके. हात डोक्याच्या वर धरला तरी शीर रिकामी होईना, फुगलेलीच. खांद्यापाशी ती वळून आत जाते, तिथे अरुंद निघाली.

भूल फक्त सुई टोचतात तिथे. फुगा फुगवतात तिथे काही नाही, म्हणून ते दुखणं सरळ खांद्यात. मान वळवून स्क्रीन बघत होते. फुगा दोन्ही बाजूंनी भरला, मध्ये मात्र आवळलेला, डमरूसारखा. टेक्निशियन प्रेशरचे आकडे म्हणत होता. डमरू हटेना. "शीर पक्की आहे," कुणीतरी म्हणालं. मग एकदम तो आवळलेला भाग सुटला आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. दादा बाहेर होता, त्याला ऐकू गेला असावा. असो.

परत का लागतं, ते खोदून खोदून विचारलं. ही शीर मुळात संथ, कमी दाबाच्या रक्तासाठी. तिला धमनी जोडली आणि मिनिटाला लिटरभर रक्त तिच्यातून धावायला लागलं. तो मारा सोसायला ती आतून जाड होत जाते. फुगा तिला ताणतो, आतून थोडी फाडतोसुद्धा. ती जखम भरते आणि भरताना पुन्हा जाड होते. म्हणजे बरं होणं हेच माझ्या मुळावर! दुपारी हे कळलं तेव्हा रडूच आलं. किडन्या गेल्या, आता ज्या एका शिरेवर आठवड्याचे तिन्ही दिवस उभे आहेत, तिनेही असं करावं?

वहिनीचा फोन आला होता. घेतला नाही.

संध्याकाळी पट्टीच्या कडेने बोट ठेवलं. झिणझिण परत आलीय, पार दंडापर्यंत. फिस्टुलाआधी डायलिसिससाठी मानेत घातलेल्या कॅथेटरचे, त्या नळीचे दिवस आठवले, ती थंडी, तो ताप, आंघोळीची चोरी. त्यातून या शिरेनेच सोडवलं. दर वेळी दोन जाड सुया खाते, चार-चार तास रक्त वाहते, आणि स्वतःला सांभाळायला थोडी जाड झाली तर तिच्यावर काय रागवायचं? तिला कुठे ठाऊक मला काय हवंय. करावं लागेल परत, तर करू. हात आहे तोवर फुगाही आहे. पार बंद पडून गुठळी होण्याआधी कळलं म्हणजे झालं, नाहीतर पुन्हा मानेतली नळी.

उद्या डायलिसिस आहे. व्हीनस प्रेशरचा आकडा दर वेळी मला सांगा, असं सिस्टरना सांगायचं. या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत जाईन.