केगेल व्यायाम: करणं सोपं, टिकवणं अवघड

खोकताना थेंब जायचे आणि घराचं कुलूप उघडता उघडता लघवीची अशी कळ यायची की किल्ली हातातून निसटायची. म्हणजे लघवी गळण्याचे दोन्ही प्रकार: जोर पडला की गळणं आणि अनावर घाई. डॉक्टरांनी संसर्ग नसल्याची खात्री केली आणि गोळ्यांऐवजी तीन दिवसांचा तक्ता दिला: किती प्यायले, कधी गेले, मापाने किती झाली, कधी गळली. बाथरूममधला मापाचा मग घरच्यांपासून लपवणं हा वेगळाच उपद्व्याप. पण तक्त्याने दाखवलं की एवढी घाई व्हायची तेव्हा मूत्राशय भरलेलंही नसायचं.

मग केगेल व्यायाम, म्हणजे लघवी रोखून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणं-सोडणं, शिकायला फिजिओथेरपिस्टकडे. आतून बोटाने तपासून त्या म्हणाल्या, “तुम्ही पोट आवळताय आणि श्वासही धरताय. गॅस अडवताना जे आवळतो, फक्त तेवढंच.” एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने.

व्यायामाला घाम नाही, दुखणं नाही, आणि पॅड आधीइतकंच ओलं. असं काही आठवडे चाललं की करतोय ते कशासाठी, हेच कळेनासं होतं. मोबाइलचा गजर कुचकामी. तो नेमका चार माणसांत वाजतो. दात घासण्याला जोडलेले दोन वेळचे व्यायाम टिकले, दुपारचा कायम रडतखडत. खरा उपयोग झाला तो फेरतपासणीचा. आवळून धरण्याची वेळ तीन सेकंदांवरून सातवर गेल्याचं बाईंनी सांगितलं, तेव्हा गळणं फारसं कमी झालेलं नव्हतं. पण काहीतरी वाढतंय, हा आकडा हाती आला. तो नसता तर मी सोडून दिलं असतं, यात शंका नाही. नुसता छापील कागद हाती देऊन बायकांना घरी पाठवतात, त्यातल्या कितीजणी टिकत असतील?

घाईचं प्रकरण जास्त चिवट. कळ आली की धावायचं नाही. जागीच थांबायचं, भराभर चार-पाच वेळा आवळायचं, कळ ओसरली की सावकाश जायचं. दोन वेळांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेलं. पाणी कमी करायला मनाई होती, कारण लघवी गडद झाली की मूत्राशय आणखी चिडतं. चहा-कॉफी मात्र कमी केली. तेच सगळ्यात जड गेलं.

आता बाहेर पडताना पॅड लागत नाही. सर्दी-खोकल्यात लागतं. शस्त्रक्रियेचा पर्याय डॉक्टरांनी सांगून ठेवलाय. तूर्तास मी नको म्हटलंय.