आजीच्या सोबत कोण जाणार?

"तपासणी फुकट, ऑपरेशन फुकट, न्यायला गाडी दारात. तरी माणसं येत का नाहीत?" शिबिराला मदत करणारी पुण्या-मुंबईची मंडळी दरवर्षी हे विचारतात. परवा भाचीनंही विचारलं. बीड जिल्ह्यात डोळे तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली, तेव्हा उत्तर माझ्याकडे असणारच असं सगळ्यांना वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पहिली काही वर्षं मी 'अडाणीपणा' असं सांगून मोकळी व्हायचे. मग एका फेब्रुवारीत डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीवर शिबिर घेतलं. आशाताई घरोघर सांगून आल्या होत्या, शाळेच्या भिंतीवर तक्ता लावला होता. दुपारपर्यंत आले अकरा जण. निम्म्या घरांना कुलपं. दिवाळी झाली की इथले कोयते कारखान्यावर जातात (एक कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी), ते मार्च-एप्रिलात परततात. आणि आमची शिबिरं हिवाळ्यात! थंडीत जखम चिघळत नाही, ही जुनी समजूत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आता ऋतू लागत नाही, पण हिवाळा आमच्या वेळापत्रकातून काही हलला नव्हता.

गावात उरतात म्हातारी माणसं आणि नातवंडं. म्हणजे मोतीबिंदूवाले तर घरीच की, असं मलाही वाटलं होतं. त्या दिवशी एका आजीला उजव्या डोळ्यानं फक्त बोटं मोजता येत होती, तीही अगदी समोर धरल्यावर. गाडी चारला निघणार म्हटल्यावर म्हणाली, "बाई, ही तीन लेकरं कुणाकडं टाकू? पोरगा आला की बघू." पोरानं मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली. मधेच आला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापणार.

वाट बघण्यात नुकसान आहे. 'पिकू द्या' असं लोक अजून म्हणतात, पण फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो. कधी फुगून डोळ्यातला दाबच वाढवतो. तरी मोतीबिंदू त्यातल्या त्यात भला, काढला की बहुतेकांना पुन्हा दिसतं. काचबिंदूचं तसं नाही. बहुतेकांचं काही दुखत नाही, कडेचं दिसणं आधी जातं आणि गेलेलं परत येत नाही. मधुमेह असणाऱ्यानं तर चांगलं दिसत असतानाच डोळ्याचा आतला पडदा तपासून घ्यायचा. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब टाकायचे, मग चार-सहा तास जवळचं धूसर, उन्हात डोळा उघडत नाही. मजुराचा रोज बुडाला. "दिसतंय की मला!" म्हणणाऱ्याला मी काय पटवणार?

मदुराईच्या अरविंद नेत्रालयाच्या परिसरातली एक पाहणी 1999 साली छापून आली. डोळ्यांचा त्रास असलेल्या शंभरांतले जेमतेम सात जण शिबिराला आलेले. ती वाचून मला, खरं सांगते, हायसं वाटलं. पुढे त्यांनी गावांजवळ कायमची छोटी दृष्टी केंद्रं काढली. तिथं प्रशिक्षित मुली रोज डोळे तपासतात आणि डॉक्टर शहरात बसून संगणकावर रुग्णाशी बोलतात. आज नाही जमलं तर मंगळवारी जाता येतं, ही त्यातली खरी सोय.

आमच्याकडे तेवढं नाही. पण आता एक शिबिर पेरण्या उरकल्यावर, पोळ्याच्या आधी घेतो. सोबत येणाऱ्याचं नाव तपासणीच्या दिवशीच लिहून घेतो. हंगामात एकदा कारखान्याजवळच्या कोप्यांवरही, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवर, जातो, संध्याकाळी. तिथं मोतीबिंदू कमी, उसाचं पातं लागलेले डोळे जास्त. कुणी त्यात दूध घातलेलं असतं, कुणी दुकानातून आणलेले कसलेसे थेंब. त्यात स्टेरॉइड असलं तर जखम आणखी चिघळते आणि बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडतं. चाळिशीचे चष्मे मात्र हातोहात जातात. बायका तिथल्या तिथं सुईत दोरा ओवून बघतात.

त्या आजीचा उजवा डोळा जुलैत झाला. सून सोबत होती. डाव्या डोळ्यासाठी कार्डावर तारीख घातली होती जानेवारीची. अक्षर माझंच होतं.