बादलीत पडलं तर लेट

काल रात्री साडेनऊला घरी आले तर चप्पल काढायच्या आधीच नवऱ्याने विचारलं, काय झालं पालिकेत? म्हटलं, झाला मंजूर. इनडोअर हॉलचा ठराव बहुमताने मंजूर. तर म्हणे, मग तोंड का पाडलंयस, चार वर्षं तूच मागे लागलेलीस ना. बरोबर आहे त्याचं. म्हणून झोप येत नाहीये तर लिहूनच टाकते म्हटलं.

आमचं गाव कुठलं ते सांगत नाही. सिंधुदुर्गात आहे, समुद्र आहे, पालिका क वर्गातली आहे, ओळखणारे ओळखतीलच. आमच्याकडे सध्या इनडोअर म्हणून जे काय आहे ती एक पत्र्याची शेड आहे, एका जुन्या मंडळाची, आत एकच बॅडमिंटन कोर्ट. माझी मुलगी तिथे खेळते आणि ती घरी आली की मी पण तासभर जाऊन हातपाय हलवते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा शेडचे अर्धे पत्रे गेले, एक तर मागच्या माडाच्या बुडात रुतलेला सापडला, मग वर्गणी काढून परत घातले. पण जुन्या पत्र्याची भोकं आणि नवीन हुक काही जुळले नाहीत, त्यामुळे तेव्हापासून कोर्टाच्या बरोबर मधे, नेटपासून दोनेक हातांवर गळतं. तिथे एक बादली ठेवलेली असते. पोरांनी नियम पण करून टाकलाय, फूल, म्हणजे शटल, बादलीत पडलं तर लेट, म्हणजे तो पॉइंट परत खेळायचा, बादलीच्या कडेला लागून बाहेर पडलं तर पॉइंट. एकदा माझ्या लेकीने मॅच पॉइंटला मुद्दाम बादलीवर ड्रॉप टाकला आणि समोरच्या पोराने इतका वाद घातला की शेवटी टॉस केला. बाहेरगावचं कोणी खेळायला आलं की आधी बादलीचा नियम समजावून सांगावा लागतो, ती माणसं हसतात, आम्हाला आता हसू पण येत नाही.

आणि पाऊस लागला की आवाज! पत्र्यावर असा काय वाजतो की स्कोर ओरडून सांगितला तरी समोरच्याला कळत नाही, बोटं दाखवायची.

कोणी म्हणेल एवढा समुद्रकिनारा आहे, बाहेर खेळा की. ज्यांनी इथे उघड्यावर बॅडमिंटन खेळून बघितलंय त्यांना माहितीय. दिवसभर खारा वारा जमिनीकडे येतो, रात्री मतलई उलटा समुद्राकडे जातो, मधे संध्याकाळी एक अर्धापाऊण तास असा असतो की झावळ पण हलत नाही. थंडीत आम्ही लहानपणी खळ्यात तेवढ्याच वेळात खेळायचो. आई देवाजवळ दिवा लावायची, शुभंकरोतीला या म्हणून हाका मारायची आणि आम्ही वारा पडलाय गो, वारा पडलाय म्हणत बाहेरच. हे झालं थंडीतलं. जून ते सप्टेंबरमध्ये तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तेव्हा खळंच दिसत नाही, मैदान म्हणजे तर शेवाळाचा थर.

आता खरी गंमत पुढे आहे. शाळांच्या सरकारी क्रीडा स्पर्धा, तालुका लेव्हल, जिल्हा लेव्हल, त्या सुरू कधी होतात तर ऐन पावसाळ्यात. म्हणजे ज्या महिन्यांत आमची पोरं पडवीत उड्या मारतायत त्याच महिन्यांत स्पर्धा. तिथून पुढे गेलं की विभाग, आणि खेळासाठी आमचा विभाग कोल्हापूर. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि त्यांच्यासमोर आमचे रत्नागिरी-सिंधुदुर्ग. तिकडची पोरं बारा महिने हॉलमध्ये आणि मॅटवर खेळून आलेली असतात. आमच्या कबड्डीच्या मुलींना मी स्वतः बघितलंय, घाट चढून गेल्या, मॅटवर पहिल्यांदाच पाय ठेवला, शूज कुणाकडून तरी मागून आणलेले, आणि पहिल्या रेडला पाय सरकला. मातीतल्या चांगल्या रेडर होत्या त्या. येताना गाडीत कोणी बोललं नाही.

तर हॉल पाहिजे की नको हा माझ्यासाठी प्रश्नच नव्हता. काल मी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले ते पैसे कुठून आणणार ते ऐकायला.

आधी इथे चारेक वर्षं प्रशासक होता, निवडणुकाच नव्हत्या, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न. गेल्या डिसेंबरात निवडणूक झाली आणि सगळ्यांच्या जाहीरनाम्यात हॉल होता, अगदी एकमेकांना पाण्यात बघणाऱ्यांच्या पण. काल विषयपत्रिकेवर सातवा विषय. नाव काय तर बहुउद्देशीय इनडोअर क्रीडा सभागृह. त्या बहुउद्देशीयवर येते नंतर.

पैशाचं गणित असं मांडलं. शासनाकडून वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या निधीत मागायचे, थोडे जिल्हा नियोजनमधून, म्हणजे आपण डीपीडीसी म्हणतो ते, आणि पालिकेचा हिस्सा स्वनिधीतून. एकाने विचारलं वित्त आयोगाचे का नाही घेत, तर मुख्याधिकाऱ्यांनी नीट समजावलं, की पंधराव्या वित्त आयोगाचे आपल्यासारख्या पालिकांना जे आले त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेले 40 मोकळे, पण त्याच्यावर आधीच गटारं आणि रस्ते डोळे लावून बसलेले असतात. दुसऱ्या एकाने तालुका क्रीडा संकुलाचं काढलं, 2022 मध्ये शासनाने त्याची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटी केली ना, मग पालिकेने कशाला खर्च करायचा. मुद्दा चुकीचा नाही, पण संकुलाला जागा लागते मोठी, ती मिळते गावाबाहेर, आणि सहावीतली पोरगी संध्याकाळी सात वाजता भर पावसात चार किलोमीटर सायकल मारत जाणार नाही. हॉल गावातच पाहिजे, बाजारातून चालत जाता येईल असा. हे मी मनातच बोलले कारण प्रेक्षकांना बोलायची परवानगी नसते.

मग एक जण उठले, म्हणाले सरळ बीओटीवर द्या, ठेकेदार बांधेल, तीस वर्षं चालवेल, पालिकेला एक रुपया नको. दोन-तीन बाकं वाजली. माझ्या बाजूला आमच्या वाडीतले एक काका बसलेले, सत्तरी ओलांडलेले, पूर्वी कबड्डीतले नामांकित, ते माझ्या कानाकडे झुकून म्हणाले, "तो काय पोरांका फुकट खेळवतलो? खाली गाळे काढतलो, वर लग्नां लावतलो." बीओटी पडलं सुदैवाने. घरपट्टीवर क्रीडा कर लावायचं कोणी नावच काढलं नाही, मी वाट बघत होते कोण धाडस करतं ते, सगळे आपापला मोबाईल बघत होते.

शेवटी ठरलं ते असं की काम टप्प्याटप्प्याने करायचं. पहिल्या टप्प्यात सांगाडा, पत्रे, पाचशे खुर्च्यांची गॅलरी आणि व्हीआयपी कक्ष. दुसऱ्या टप्प्यात फ्लोअरिंग, लाईट, कोर्ट, मॅट. म्हणजे खेळायचं जे काय आहे ते सगळं दुसऱ्या टप्प्यात! आपल्याकडे पहिला टप्पा उद्घाटनासाठी असतो आणि दुसरा पुढच्या निवडणुकीसाठी, हे काय मी वेगळं सांगायला नको.

मी घरी येऊन लेकीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. बॅडमिंटनचं कोर्ट 13.40 बाय 6.10 मीटर. दोन कोर्टं शेजारी शेजारी घातली, मधे आणि चारी बाजूंना दोन-दोन मीटर सोडले, तरी 18-19 मीटरच्या चौकोनात आरामात बसतं. नेट काढली की त्याच जागेत कबड्डीचं पुरुषांचं 13 बाय 10 चं मॅट मावतं, बायकांचं तर 12 बाय 8 च. आमच्या गावाला एवढं पुरे आहे हो. आंतरराष्ट्रीय मॅचला छत 12 मीटर उंच लागतं म्हणून तेवढं करूया असं पण काल कोणीतरी म्हणालं, म्हणजे आमच्याकडे कोण येणार आहे खेळायला देव जाणे. जेवढा पत्रा उंच तेवढं वारं त्याला जास्त धरणार आणि गंजला की वर चढायला क्रेन आणा.

आता उत्पन्न बघा. दोन कोर्टं, संध्याकाळचे चार तास, एका कोर्टावर चौघं, असे 32 जण. डोई 30 रुपये घेतले तर दिवसाचे 960. महिन्याचे 26 दिवस धरले तर 24,960. हे रोज सगळा स्लॉट भरला तर, आणि चतुर्थीच्या त्या दिवसांत इथे कुत्रं पण फिरकत नाही, जो तो गणपतीच्या आरतीत आणि भजनात. त्यात एक वॉचमन आणि एक झाडणारी बाई यांचे पगार काढा, राहिलं काय? वर लाईटबिल. आणि इकडची हवा. ज्याच्या घराला समुद्राच्या बाजूने खिडकी आहे त्याला विचारा, बिजागरी किती वर्षं टिकते ते. खाऱ्या हवेत स्क्रू आधी जातो, मग पत्रा, मग पाणी खाली लाकडी फ्लोअरवर, लाकूड फुगतं, फळीची कड उचलते आणि एखाद्या पोराचा घोटा जातो. वाळवीचं तर बोलतच नाही. इथे हॉल बांधून झाला की तिसऱ्या पावसाळ्यापासून दरवर्षी त्याच्यावर खर्च आहे, आणि कालच्या ठरावात त्या खर्चाची एक ओळ पण नव्हती. एक ओळ! देखभालीचं काय असं एका नव्या नगरसेविकेने विचारलं, एकटीनेच, तर उत्तर आलं की बहुउद्देशीय आहे ना ताई, इतर कार्यक्रमांना भाड्याने देऊ, त्यातून निघेल.

झालं. तिथेच माझं तोंड पडलं.

कारण बहुउद्देशीय म्हणजे काय ते आपण सगळ्यांनी बघितलंय. मे महिन्यात लग्नं, मग कोणाचा तरी मेळावा, मग दशावतार, भजन स्पर्धा, आंबा महोत्सव. दशावतार मला पण आवडतो, रात्रभर बसून बघते, पण तो देवळासमोर. सिंथेटिक मॅटवर हजार लोखंडी खुर्च्या ओढल्या, एका कोपऱ्यात केटररने शेगडी लावली आणि सोलकढी सांडली की सोमवारी पोरांनी तिथे काय खेळायचं? आणि भाड्याने देऊनच खर्च काढायचा म्हटलं की बुकिंग पैसेवाल्याचं आधी, पोरांचं नंतर. त्यात वाईट कोणी वागतंय असं पण नाही, हिशोबच तसा बांधलाय.

मीटिंग सुटल्यावर काका आणि मी खाली चहाच्या टपरीवर थांबलो, पाऊस थांबेपर्यंत. मी त्यांना म्हटलं, काका तुम्ही तरी खूश आहात ना? तर म्हणाले, "हॉल होतलो गो बाय, तां काय खोटा नाय. पण लाईटबिल कोण भरतलो तां कोणी सांगूक नाय. आमच्या टायमाक माती होती, तिका बिल येय नाय होता." मग बशीत चहा ओतून बराच वेळ फुंकत बसले.

आज दुपारी लंच टाइममध्ये एक अर्ज लिहिला. गॅलरी आणि व्हीआयपी कक्ष दुसऱ्या टप्प्यात ढकला, फ्लोअर आणि लाईट पहिल्यात घ्या. हॉल दोन कोर्टांचाच करा आणि वाचतील त्यातले काही बँकेत वेगळ्या खात्यात ठेवा, फक्त पत्रे, रंग आणि फ्लोअरसाठी, त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. नावातलं बहुउद्देशीय काढा. आणि घरपट्टीत वर्षाला थोडे रुपये वाढवणार असाल तर आमच्या वाडीतून मी पहिली भरते, हे पण लिहिलं, नवरा म्हणाला हे कशाला लिहिलंस, उद्या सगळी वाडी दारात येईल. येऊ दे. शेडवरच्या पालकांनी सह्या केल्या, काकांनी पण केली, हात थरथरतो म्हणून दोनदा केली.

आवक-जावकला नेऊन दिला, शिक्का मारलेली पोच घेतली. तिथला मुलगा अर्ज वाचत होता, म्हणाला वहिनी, माझी पण पोरगी येते तिकडे खेळायला, त्या बादलीचं काहीतरी करा ना आधी. म्हटलं अर्जात बादली नाहीये रे. संध्याकाळी शेडवर गेले तर बादली बदललेली होती, जुनीला तडा गेलेला म्हणे. नवीन निळी आहे, जरा मोठी, आणि पोरांचा वाद चाललेला की मोठ्या बादलीला जुनाच नियम लावायचा की नाही.