लिस्बनचे हत्ती

‘ज्याने गोवा पाहिला, त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही’ अशी एक जुनी पोर्तुगीज म्हण आहे. फोंड्याच्या शाळेत मी ३१ वर्षे इतिहास शिकवला आणि जवळजवळ दर वर्षी ही म्हण वर्गात सांगून मुलांच्या चेहऱ्यांवर चढणारी फुशारकी कौतुकाने पाहिली. म्हणीतला गोवा म्हणजे मांडवीकाठचे जुने गोवे, जे पुढे रोगराईने ओस पडले आणि १८४३ साली राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला देऊन मोकळे झाले, हे मुलांना नंतर सांगावे लागे. मग ती फुशारकी थोडी ओसरत असे. निवृत्त झाल्यावर वाटले की, गोवा तर पाहिला, आता लिस्बनही पाहून ही म्हण एकदा तपासून घ्यावी. भाची तिथे शिकते, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता. दसरा आटोपला आणि दोनच दिवसांनी आम्ही दोघे निघालो.

भाचीची खोली आल्फामा भागात, चढणीच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होती. घरमालकीणबाईंनी आमच्यासाठी वेगळी किल्ली काढून हातात ठेवली आणि ‘शाव्ह’ असे काहीतरी म्हणाल्या. ‘चावी’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला हे मी फळ्यावर कितीदा तरी लिहिले होते. परंतु त्या शब्दाचे मूळ घर असे अचानक पुढ्यात आले आणि मी उगाच हसले. बाईंना काय वाटले असेल कोण जाणे.

पहिल्या दिवशी आम्ही थेट नदीकाठच्या चौकात गेलो. या चौकाचे नाव व्यापाराचा चौक असे असले, तरी जुनी माणसे अजून त्याला ‘तेरैरो दो पासो’, म्हणजे राजवाड्याचे पटांगण म्हणतात, आणि तिथे राजवाडा मात्र नाही. १ नोव्हेंबर १७५५ या दिवशी, सर्व संतांच्या सणाला, सकाळी लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राच्या लाटा नदीतून वर चढल्या आणि जे उरले ते आगीने खाल्ले. नदीकाठचा राजवाडाही त्यातच गेला. राजा जोझे पहिला त्या वेळी शहराच्या पश्चिमेकडच्या बेलेंला होता, म्हणून वाचला. शहर पुन्हा उभे करण्याचे काम त्याच्या मंत्र्याने, म्हणजे पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या गृहस्थाने, हाती घेतले. चौकामागचे सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते त्याच्याच काळातले. त्या रांगेतल्या घरांच्या भिंतींत लाकडी पट्ट्यांचा पिंजरा बसवलेला आहे, हे मला फार आवडले. जमीन हलली तर चुन्याची भिंत तडकेल. पण आतला सांगाडा वाकेल आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळेल, असा तो विचार. असा सांगाडा तयार करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला, असे सांगतात.

याच पोंबालच्या काळात, १७७४ साली, गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे धर्मबाह्य आचरणाबद्दल लोकांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, बंद झाले. चार वर्षांनी ते पुन्हा सुरू झाले आणि कायमचे मिटायला १८१२ साल उजाडले, हेही खरे. तरीही त्याच्या नावाच्या फलकाखालून जाताना मी मनातल्या मनात त्याला एक गुण देऊन टाकला. पूर्ण गुण देण्याइतका तो साधा माणूस नव्हता.

चौकाच्या मधोमध जोझे राजाचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा आहे. माशादु द काश्त्रू या शिल्पकाराने तो घडवला आणि १७७५ साली तो उभारला गेला. सगळे लोक घोड्याकडे पाहत होते. आमच्या घरच्यांचे लक्ष मात्र चौथऱ्याकडे गेले. ‘अगो, हा तर हत्ती!’ ते म्हणाले. खरोखरच, चौथऱ्याच्या एका बाजूला दगडी घोडा आणि दुसऱ्या बाजूला दगडी हत्ती असून हत्तीच्या पायाशी एक माणूस पडलेला आहे. तेजो नदीच्या काठी हत्तीचे काय काम, हा प्रश्न तिथून जो आमच्या मागे लागला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

चौकातून पाच मिनिटांवर नगरपालिकेची इमारत आहे. प्रवाशांच्या यादीत ती बहुधा नसते. परंतु मला ती पाहायचीच होती आणि योगायोगाने दिवसही ५ ऑक्टोबर होता. १९१० साली याच तारखेला या इमारतीच्या सज्जावरून राजेशाही संपल्याची आणि गणराज्य आल्याची घोषणा झाली. आम्ही पोचलो तेव्हा समारंभ संपला होता, खुर्च्या गोळा करण्याचे काम चालू होते आणि सज्जावर झेंडा होता. सज्जा तसा लहानच आहे. गोव्यातल्या हिंदूंच्या दृष्टीने मात्र या सज्जाचे मोल फार मोठे आहे, कारण गणराज्याने धर्मसत्ता आणि राजसत्ता वेगळ्या केल्या आणि ज्या समाजाला साडेतीनशे-चारशे वर्षे दाराबाहेर उभे केले होते, त्याला कायद्याने समान नागरिक मानले. मडगावची गोमंत विद्या निकेतन ही संस्था १९११ सालची, हा काही निव्वळ योगायोग नव्हे. त्या काळात गावोगाव मराठी शाळा आणि वाचनालये उभी राहिली. माझे आजोबा अशाच एका शाळेत शिकले आणि गणराज्याचा उल्लेख करताना ‘रिपुब्लिक’ हा शब्द ते आदराने, थोडे थांबून उच्चारत. पुढे हुकूमशहा सालाझार आला आणि १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने आम्हाला पुन्हा खालच्या पायरीवर बसवले, तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेलेंला गेलो आणि जेरोनिमुश मठाच्या बंद दारासमोर उभे राहिलो. सोमवार होता. सोमवारी मठ बंद असतो, हे पुस्तकात छापलेले असते, भाचीच्या मोबाइलवर असते, आणि जन्मभर मुलांना ‘सूचना नीट वाचा’ असे बजावणाऱ्या बाईंनी ते वाचले नव्हते. घरच्यांनी काहीही न बोलण्याचा मोठेपणा दाखवला.

म्हणून आधी बेलेंचा बुरूज, तोही बाहेरूनच. मानुएल राजाच्या आज्ञेवरून तो १५१४ ते १५१९ च्या सुमारास नदीच्या मुखाशी, फ्रांसिश्कू द आरुदा याच्या देखरेखीखाली बांधला गेला. पांढऱ्या दगडावर जहाजाच्या दोरखंडासारखी वेलबुट्टी कोरलेली आहे, कोपऱ्यांवर टेहळणीची घुमटीवजा ठाणी आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या तळाशी एका जनावराचे झिजलेले डोके आहे. ते गेंड्याचे आहे. गुजरातच्या सुलतान मुझफ्फर दुसरा याने तो गेंडा गोवा जिंकणाऱ्या आफोंसू द आल्बुकर्कला भेट दिला, आल्बुकर्कने तो १५१५ च्या जानेवारीत जहाजावर चढवला, आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. राजाने एका हत्तीशी त्याची झुंज लावली तेव्हा हत्तीच पळाला. नंतर हा गेंडा पोपला नजराणा म्हणून पाठवला गेला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न पाहताच, केवळ वर्णनावरून, त्याचे चिलखत घातल्यासारखे चित्र काढले, ते आजही पुस्तकांत छापतात. आणि लिस्बनमध्ये त्याला नाव मिळाले होते ‘गांडा’, म्हणजे आपला ‘गेंडा’च. ते जहाज गोव्याहून सुटले होते. मांडवीच्या काठावर त्याला फळीवरून वर चढवताना आमच्या लोकांनी किती आरडाओरडा केला असेल, याची कल्पना करत मी बराच वेळ तिथे उभी होते.

जवळच जहाजाच्या नाळेच्या आकाराचे ‘शोधांचे स्मारक’ आहे. ५० मीटरहून उंच. पुढे राजपुत्र हेन्री आणि त्याच्यामागे दोन्ही उतारांवर दाटीने उभे असलेले खलाशी, राजे, पाद्री अशा एकूण ३३ मूर्ती. त्यांत वास्को द गामा आहे, आल्बुकर्क आहे, आणि गोंयचो सायब म्हणून आमच्याकडे ज्याला मानतात तो सेंट फ्रान्सिस झेवियरही आहे. हे स्मारक आधी १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभारले होते आणि हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाली म्हणून १९६० च्या ऑगस्टमध्ये पक्क्या स्वरूपात उभे केले. त्यानंतर सोळा महिन्यांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. काँक्रीट अजून पुरते वाळलेही नसेल. सालाझारच्या दिवाणखान्यात ही बातमी कशी पोचली असेल, हे आठवून मला जो आनंद झाला, तो फारसा सुसंस्कृत नव्हता.

मंगळवारी मठ उघडा होता. रांग तासाभराची होती. पण आत पाऊल टाकल्यावर रांगेचा राग उरत नाही. १५०१ साली मानुएल राजाने काम सुरू केले, आणि खर्च पूर्वेकडच्या मसाल्यांच्या व्यापारावरील पाच टक्के करातून भागवला. त्या कराचे नावच ‘मिऱ्याचा विसावा हिस्सा’ असे होते. चर्चचे खांब ताडासारखे सरळ वर जातात आणि छताशी पोचल्यावर त्यांच्या फांद्या फुटतात. मला तर सुपारीच्या कुळागरात, दुपारच्या उन्हात, वर पाहत उभी असल्यासारखे वाटले, आणि मिरवेली आमच्या कुळागरांत पोफळींवरच तर चढतात. दारातून आत शिरताच डावीकडे वास्को द गामा आणि उजवीकडे कवी कामोंइश यांच्या समाध्या आहेत. गामा १५२४ साली कोचीनला वारला, त्याच्या अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या. कामोंइश १५५३ मध्ये गोव्याला आला होता. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या फरशांवर त्याच्याच महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. त्यामुळे हा माणूस मला लहानपणापासून माहीत होता, आणि त्याच्याशी माझे भांडणही नव्हते.

खरे पाहण्यासारखे होते ते पुढे, मुख्य वेदीच्या दोन्ही बाजूंना. मानुएल आणि त्याचा मुलगा जुआंव तिसरा, आणि त्यांच्या राण्या, यांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. हत्ती लहान आहेत, सोंडा खाली, डोळे शांत. आपल्या देवळांच्या पायथ्याशी गजथर असतो, तिथे हत्ती देवाचा भार वाहतात. इथे ते राजांचा वाहतात. जुआंव तिसरा म्हणजे ज्याच्या राजवटीत तिसवाडीतली देवळे पाडण्यास सुरुवात झाली आणि ज्याच्या कृपाछत्राखाली फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला, तो. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत हे लोण साष्टीत आले, आणि आमची कुळदेवी शांतादुर्गा केळोशी सोडून नदीपलीकडे, पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, कवळ्याला आली. मंगेशही तसाच कुशस्थळीहून प्रियोळला आला. आम्ही कवळ्याजवळ राहतो ते त्या स्थलांतरामुळेच, असे घरातले मोठे सांगत. मी त्या हत्तींसमोर हात जोडले नाहीत आणि रागही आला नाही. फक्त इतके जाणवले की, या शहराने आपल्या स्मारकांत आमचे हत्ती ठेवले, आमचा गेंडा ठेवला, आमच्या मिऱ्यांचा पैसा भिंतीत घातला, आणि माणसे तेवढी कुठे कोरली नाहीत.

किल्ला, कॅथीड्रल, सांता जुश्ताची लोखंडी लिफ्ट हे सगळे आम्ही पाहिले आणि ते सुंदर आहे; पण त्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. कॅथीड्रल तर आमच्या जुन्या गोव्याच्या ‘से’पुढे मला अंगाने लहानच वाटले. त्याच्या बाजूला आल्जूब नावाची जुनी राजकीय कोठडी आहे, २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. ‘तुरुंग’ हा शब्दही आम्ही यांच्याच ‘त्रोंकु’वरून घेतला.

परतण्याच्या आदल्या दिवशी मी भाचीला म्हटले, ‘मला काशियशला जायचे आहे.’ ती म्हणाली, ‘मावशी, तिथे काहीही नाही, समुद्र आहे फक्त.’ मोहन रानडे हे नाव तिला ठाऊक नव्हते. सांगलीचा हा तरुण मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आला, आझाद गोमंतक दल या सशस्त्र स्वातंत्र्यलढ्यातल्या संघटनेत गेला, १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे पोर्तुगालला नेला गेला. गोवा स्वतंत्र झाल्यानंतरही सात वर्षे तो काशियशच्या किल्ल्यात कैदी होता. सुटला तो १९६९ च्या जानेवारीत. माझ्या वडिलांचे काका गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याच्या तुरुंगात सहा महिने होते, तेवढ्यावर आम्ही आयुष्यभर मान ताठ ठेवली.

काईश दु सोद्रे स्थानकावरून नदीकाठाने गाडी जाते, बेलेंही याच मार्गावर आहे. काशियशला उतरल्याबरोबर वाळूच्या कडेला एक छोटा, बुरुजांचा, नीटनेटका किल्ला दिसला. मी त्याचे सहा फोटो काढले आणि भाचीला दहा मिनिटे व्याख्यान दिले. शेजारी गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने सारे ऐकले होते. ‘रानडे’ नव्हे, पण ‘प्रिझांव’, म्हणजे तुरुंग, हा शब्द त्याला कळला असावा. त्याने भाचीला काही सांगितले. हा किल्ला साऊं ब्रुनोचा, त्याचा तुरुंगाशी संबंध नाही. तुरुंग मागे, टेकडीवर, आणि तो अजूनही तुरुंगच आहे.

आम्ही टेकडी चढलो. वर गेल्यावर एक लांब भिंत, तारा, आणि फाटकापाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले कपडे घेऊन भेटीची वाट पाहणारी एक बाई दिसली. पहारेकऱ्याने आमच्याकडे पाहिले आणि हाताने मागे जाण्याची खूण केली. मोबाइल बाहेर काढण्याचे धाडस झाले नाही. तिथून खाली पाहिले तर तेजोचे मुख आणि समुद्र एकत्र दिसतात. आग्वादवरून मांडवीचे मुख दिसते, जवळजवळ तसेच.

परतीच्या गाडीत भाचीने खिडकीतून ते जहाजाच्या नाळेचे स्मारक दाखवले आणि विचारले, ‘मावशी, यांतला आल्बुकर्क कोणता गो?’ मी चष्मा लावेपर्यंत गाडी पुढे गेली होती.